दोन बोटं पाणी

१

आमच्या वारज्याच्या बंगल्यामागे पोहण्याचा एक हौद आहे. सौमित्र, म्हणजे आमचा मुलगा, त्याला पूल म्हणतो. मी हौद म्हणतो. चार भिंतींत पाणी साठवलं की तो हौद. त्याला निळ्या फरश्या डकवल्या म्हणून त्याचं कूळ बदलत नाही.

सौमित्रने तो मोठ्या हौसेने बांधून घेतला. वर धबधबाही केला. हौदाच्या टोकाला पुरुषभर उंचीची खोट्या दगडांची भिंत, पंपाने पाणी वर चढवायचं आणि ते रुंद पडद्यासारखं खाली सोडायचं. हौद झाला, पूजा झाली, मित्रमंडळी येऊन डुंबून गेली आणि वर्षभरात साहेबांच्या लक्षात आलं की वारज्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला, रोज ऑफिस गाठणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. सून आणि नात घेऊन तो तिकडे राहायला गेला. हौद आणि धबधबा आमच्या पदरात पडले.

मी तो बुजवलाच असता. पण पद्मजाच्या, माझ्या बायकोच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. कंबरभर पाण्यात कठडा धरून सकाळी फेऱ्या मारायला लागल्यापासून तिची काठी सुटली. त्यामुळे हौद राहिला.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्यातून पाणी कुठे झिरपतं, कुठे चोरलं जातं, हे शोधण्यात केस पांढरे झाले. तेव्हा एका सकाळी हौदाचं पाणी दोन बोटं उतरलेलं दिसल्यावर मला काळजी वगैरे वाटली नाही. राग आला. निवृत्तीनंतरही गळती माझा पिच्छा सोडणार नाही, याचा राग.

हौदाभोवती फिरून पाहिलं. कुठे ओल नाही. मेचं ऊन, माती पापडासारखी कोरडी.

२

अमीन हा सौमित्रचा शाळेपासूनचा मित्र. आता त्याचा हौद बांधण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा आहे. हा हौदही त्यानेच बांधला, म्हणून त्याला आधी बोलावून घेतलं.

"काका, बाष्पीभवन असेल," तो गाडीतून उतरता उतरताच म्हणाला. "धबधबा असला की पाणी जास्त उडतं."

"अमीन, मी आयुष्यभर बाष्पीभवन मोजलंय. मला शिकवू नकोस. बादली आण."

हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतल्या पाण्यावर एक खूण, हौदातल्या पाण्यावर एक खूण. ऊन दोघांना सारखंच. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला, तर हौद गळतोय. दुसऱ्या दिवशी बादली केसभर उतरली होती. हौद दोन बोटं.

"गळतोय," अमीन म्हणाला.

"अभिनंदन," मी म्हणालो.

मग त्याने सगळे प्रयोग केले. धबधबा बंद ठेवून पाहिलं, सुरू ठेवून पाहिलं. पाइपांची तोंडं बंद करून आत हवेचा दाब भरला. काटा ढिम्म हलला नाही. पाणी स्थिर करून फटींपाशी निळा रंग सोडला. गळती असती तर रंग तिकडे ओढला गेला असता. तो जिथल्या तिथे ढगासारखा तरंगत राहिला. शेवटी अमीन स्वतः चष्मा लावून पाण्यात उतरला आणि फरशी न् फरशी चाचपून वर आला.

"काका, तडा नाही. एक केसाएवढाही नाही."

"मग पाणी जातं कुठे?"

"तेच ना."

उताराच्या खालच्या बंगल्यात रावसाहेब राहतात. आमचा हौद गळतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, की टंचाईच्या दिवसांत काही लोक जमिनीला पाणी पाजतात आणि त्याने आमच्या संरक्षक भिंतीला धोका आहे. मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्याच समोर त्यांच्या भिंतीवरून हात फिरवला. धूळ लागली.

"ही ओल," मी त्यांना तळवा दाखवला. "जपून ठेवा."

३

त्या आठवड्यातच एका सकाळी पाणी पुन्हा वर आलं होतं. बरोबर जुन्या खुणेवर.

मी स्वयंपाकघरात गेलो. "नळ कोणी सोडला?"

"कसला नळ?" पद्मजा पोहे भिजवत होती.

"हौदाचा. पाणी भरलंय कोणीतरी. माझं मोजमाप चाललंय हे माहीत असताना."

"अहो, मी चहा टाकल्यापासून इथेच आहे. आणि पाणी कमी झालं की चिडता, वाढलं तरी चिडता. एकदा काय ते ठरवा."

मी जाऊन नळ पाहिला. तो मीच तारेने बांधला होता, कुणी चुकून सोडू नये म्हणून. तार होती तशीच होती. टँकर आला नव्हता. पाऊस तर सोडाच, आकाशात ढगही नव्हता.

पाणी जातं हे मी समजू शकतो. पाण्याचा धर्मच तो. पण गेलेलं पाणी परत येत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत ते एकदाही परत आलं नव्हतं.

अमीनला फोन केला तर तो हसला. "मग चांगलंय की, काका! दुरुस्त झाला."

मी फोन ठेवून दिला.

४

दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत आडवे होतो. त्या खोलीच्या खिडकीखालीच हौद आहे. पाणी हलतं राहावं म्हणून धबधबा सुरूच असतो, आणि त्याचा एकसुरी आवाज आम्हाला इतका सरावाचा झालाय की तो ऐकूही येत नाही.

पद्मजाने डोळे मिटूनच विचारलं, "धबधब्याखाली कोण बसलंय?"

"कोण बसणार? झोप."

"ऐका ना. आवाज बदललाय."

मी ऐकलं. पाणी पाण्यावर पडतं तेव्हा एक उघडा, फुटका आवाज येतो. तो नव्हता. मऊ, भरीव, दबलेला आवाज येत होता. लहानपणी सौमित्रला आंघोळ घालताना त्याच्या पाठीवर तांब्या ओतला की यायचा तसा. फक्त तांब्या संपायचा. हे पाणी पडतच होतं.

"पंपात हवा अडकली असेल," मी म्हणालो.

"पंपात हवा अडकली की पाठीवर पाणी पडतं का?"

मी चरफडत उठलो. दार उघडून मागे जाईपर्यंत आवाज पूर्ववत झाला होता. पाणी पाण्यावर पडत होतं. कोणी नव्हतं. फाटक बंद होतं. पाणी मात्र खुणेच्या खाली दोन बोटं होतं, आणि काठाच्या फरशीवर, पाण्याच्या वर, हौदाच्या चारही बाजूंनी दोन बोटं रुंदीची ओली पट्टी चमकत होती.

वारज्यातल्या मेच्या दुपारी ओली फरशी डोळ्यांदेखत वाळते. ती पट्टीही माझ्यासमोरच वाळली. म्हणजे पाणी झिरपून हळूहळू उतरलं नव्हतं. मी दाराची कडी काढत होतो, तेवढ्या वेळात ते एकदम उतरलं होतं.

५

तो हिशेब मी करायला नको होता. पण सवय.

वास्तुशांतीच्या दिवशी सौमित्रची मित्रमंडळी हौदात एकदम उतरली होती. तेव्हा पाणी असंच चढलं होतं आणि ती बाहेर आल्यावर असंच उतरलं होतं. पाणी एक थेंबही कुठे गेलं नव्हतं. माणसं आली आणि गेली, एवढंच.

मी आरामखुर्चीत बसून लांबी, रुंदी आणि दोन बोटं यांचा गुणाकार केला. मग पुन्हा केला. अमीनच्या प्रयोगांत खोट नव्हती. हौद गळत नव्हता. त्यात काहीतरी उतरत होतं आणि बाहेर पडत होतं, आणि त्याचं आकारमान वीसएक धष्टपुष्ट माणसांइतकं होतं.

खुळचट विचार. मी स्वतःवर वैतागलो. भूजलाचा दाब, फरशीखालची पोकळी, पाइपातली अडकलेली हवा, अशी चार कारणं मी स्वतःला ऐकवली. त्यातल्या एकाही कारणाने पाण्याची पातळी दुपारच्या दुपारी खाली-वर होत नाही, हे मला खात्यातला कुठलाही कारकून सांगू शकला असता.

संध्याकाळी अमीन आला तेव्हा मी त्याला गुणाकार सांगितला. वाटलं, हसेल. तो हसला नाही. धबधब्याच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "काका, त्या दिवशी मी आत उतरलो होतो ना. भिंतीपाशी गेल्यावर मला उगाच वाटलं, की इथे जागा कमी आहे."

"म्हणजे काय?"

"काय माहीत. गर्दीत वाटतं ना, तसं."

"तू हौद बांधतोस की भुताटकीच्या गोष्टी लिहितोस?" मी त्याच्यावर खेकसलो. तो चहा न पिताच गेला. त्याला उगाच बोललो, पण दुसरं काय बोलणार होतो?

पद्मजाला मी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणालो, दुरुस्ती होईपर्यंत पाण्यात उतरू नकोस.

"पुन्हा काठी धरू?" तिने विचारलं. "तुमच्या दोन बोटांसाठी?"

६

ती उतरलीच. मी पेपर आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो तर बाई पाण्यात. सकाळचं स्वच्छ ऊन पडलेलं, कंबरभर पाणी, एक हात कठड्यावर, धबधब्याकडे पाठ.

मी ओरडणारच होतो. तेवढ्यात लक्षात आलं, की पाण्याची खूण दिसत नाहीये.

खूण पाण्याखाली गेली होती. पद्मजा एकटी उतरल्याने पाणी एवढं चढत नाही. पाणी काठाला लागलं होतं आणि मी बघत असताना काठावरून माझ्या चपलांपर्यंत सावकाश पसरत आलं.

मग मी धबधब्याकडे पाहिलं.

पाण्याच्या पडद्यामागचे खोटे दगड नेहमी दिसतात. त्या सकाळी दिसत नव्हते. पडदा वरून सरळ येत होता आणि अर्ध्यावर कशावर तरी पडून दोन्ही बाजूंना ओघळत होता. म्हशीच्या पाठीवरून पाणी ओघळतं, तसा. पण म्हैस केवढी असते? हे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. दगडाच्याच रंगाचं, ओलं. मी स्वतःला म्हणालो, शेवाळ. मी म्हणालो, सूर्य समोर आहे, डोळे दिपलेत.

ते सावकाश फुगलं आणि सावकाश बसलं. श्वास घेतल्यासारखं.

"पद्मजा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच साधा वाटला. "सौमित्रचा फोन आहे. बाहेर ये."

"सांगा त्याला नंतर कर म्हणून. अजून फेऱ्या राहिल्यात."

"अर्जंट आहे म्हणतोय."

"तुम्ही घ्या ना. मुलाशी बोलता येत नाही का तुम्हाला?"

"तुझ्याशीच बोलायचंय त्याला. ये. सावकाश ये. मागे बघू नकोस, पाय घसरेल."

ती कुरकुरत पायऱ्यांकडे वळली. तिच्या खुब्यामुळे तिला पायरीवर आधी चांगला पाय ठेवावा लागतो, मग दुसरा. मी हात पुढे करून उभा होतो. ती वर येत होती, तिचं अंग पाण्याबाहेर पडत होतं. पाणी कमी व्हायला हवं होतं. उलट तिच्या प्रत्येक पायरीबरोबर ते काठावरून जास्तच वाहत होतं.

मी तिला दंड धरून ओढलं.

"अहो, हात उपटाल!" ती काठावर आली आणि धापा टाकत म्हणाली, "फोन कुठाय?"

"कट झाला."

तिने माझ्या भिजलेल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मागे वळून पाहिलं नाही. आम्ही आत गेलो, दार लावलं, कडी घातली. टॉवेलने केस पुसताना ती म्हणाली, "भिंतीकडचं पाणी आज गार नव्हतं. अंगासारखं कोमट होतं."

७

हौद बुजवायचा ठरला. सौमित्रने फोनवरून पुष्कळ तमाशा केला. बाबा, रीसेल व्हॅल्यू. बाबा, तुम्हाला लीक सापडत नाही म्हणून पूलच काढून टाकणार का. बाबा, आईच्या एक्सरसाइजचं काय. मी म्हणालो, तुझ्या आईनेच सांगितलंय. तिने फोन घेऊन त्याला "हो" एवढंच ऐकवलं.

पाणी उपसलं. तळ लख्ख कोरडा पडला. आत काही नव्हतं. निळ्या फरश्या, एक केसांचा क्लिप, नातीचा प्लास्टिकचा मासा. अमीन आणि मी काठावर उभे राहून बराच वेळ बघत होतो. आत उतरायचं दोघांनीही टाळलं.

भरावासाठी मुरूम लागणार होता. हौदाचं आकारमान मला तोंडपाठ, अमीनला तर मुळापासून माहीत. दोघांनी वेगवेगळा हिशेब केला, तो एकच आला, तेवढा मुरूम मागवला. डंपर मागच्या रस्त्याने येत राहिले, मुरूम पडत राहिला, लाल धूळ उडत राहिली. रावसाहेबांनी ग्रुपवर धुळीचे फोटो टाकले.

निम्मा मुरूम अजून फाटकाशी पडलेला असताना डंपरवाला काच खाली करून म्हणाला, "साहेब, भरला."

"कसा भरेल? निम्मा माल बाकी आहे."

"या की बघायला."

मी गेलो. मुरूम काठाला लागला होता. पृष्ठभाग सपाट, फक्त धबधब्याच्या भिंतीकडे किंचित उंचवटा.

अमीन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर धूळ होती आणि धुळीत घामाचे ओघळ. "काका," तो हळू म्हणाला, "आपला हिशेब चुकला नाहीये."

"नाही."

माझा दुसराच हिशेब चुकला होता. दोन बोटं म्हणजे ते सगळं पाण्यात उतरतं, असं मी धरून चाललो होतो. ते कधी सगळं उतरलंच नव्हतं. दोन बोटं पाणी चढायचं ते त्याने नुसता पाय टाकल्यावर.

आता पूर्ण आत होतं.

"रोलर फिरवू?" अमीनने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "कोणीही वर पाय देऊ नका. पंप काढून घेऊन जा."

८

काही दिवस शांततेत गेले. पद्मजाने पुन्हा काठी हातात घेतली आणि तक्रार केली नाही. मागच्या खोलीत झोपायचं आम्ही बंद केलं. धबधब्याचा आवाज गेल्यामुळे घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज सुरू झाला तरी दोघं दचकायचो.

मग एका सकाळी पाहिलं, तर मुरूम खचला होता. थोडाथोडका नाही. हौदाच्या अर्ध्या खोलीपर्यंत खाली बसला होता. काठाच्या निळ्या फरश्या पुन्हा उघड्या पडल्या होत्या.

सौमित्र त्या दिवशी नेमका आला होता. त्याला फार आनंद झाला. "बघा, बाबा! सेटलमेंट. तुम्ही रोलर फिरवू दिला नाहीत ना. इतकी वर्षं इंजिनिअर होतात आणि हे विसरलात?"

त्याने स्वतःच माणसं लावून फाटकाशी पडलेला मुरूम आत ओढून घेतला. सगळा मावला. घमेलंभरसुद्धा उरला नाही. वर पाणी मारलं, रोलर फिरवला, लॉन लावायचं ठरवलं आणि दुपारी जेवून तो खराडीला निघून गेला. जाताना म्हणाला, "तुमच्या हिशेबात चूक नव्हती, बाबा. उगाच टेन्शन घेतलंत."

हिशेब बरोबर आला, हेच तर टेन्शन होतं. हौदाएवढा मुरूम हौदात मावला, म्हणजे आता हौदात मुरमाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी बागेला चक्कर मारली. फाटकाबाहेर, उतारावर, रावसाहेबांच्या भिंतीपर्यंत पाहिलं. माती कोरडी. एक झुडूप मोडलेलं नाही, पानही चुरगळलेलं नाही.

घरात आलो तेव्हा पद्मजा जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभी होती.

"अहो, सौमित्रच्या खोलीचं दार अडकतंय. त्याची चादर काढायला वर गेले होते. अर्धं उघडतं आणि थांबतं."

"लाकूड फुगलं असेल."

"उन्हाळ्यात?"

"मग मागे काहीतरी पडलं असेल. कपाटावरची बॅग वगैरे."

"बॅग नाही," ती म्हणाली. "मी ढकलून पाहिलं. आधी दबलं. मग त्याने दार परत लोटलं. हळूच."

वर काही आवाज नव्हता. मला एवढंच सुचलं, की आज मागचं दार सकाळपासून उघडं आहे. मी लगबगीने गेलो आणि कडीला हात घातला.

"राहू द्या," पद्मजा म्हणाली. ती काठी टेकत माझ्याकडे येत होती, जिन्याकडे पाठ न करता, एक एक पाऊल मागे टाकत. "उघडंच राहू द्या ते. आता आपल्याला बाहेर पडायचंय."